गोचिडीचे औषध आणि घरचा हिशेब



"कुत्र्याच्या गोचिडीवर कोणते औषध चांगले?" पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न आम्हाला वस्तीत हमखास विचारला जातो. कोणी दुकानातून आणलेली छोटी नळी दाखवतो, कोणी शेजाऱ्याने दिलेली अर्धी गोळी कागदात गुंडाळून आणतो, तर कोणी गावाकडून म्हशीच्या अंगाला लावायचे औषध पाण्याच्या बाटलीत भरून आणलेले असते. आम्ही जनावरांचे डॉक्टर नाही. दिवसा कचेरीत जमाखर्चाच्या वह्या आणि संध्याकाळी वस्तीतल्या चार माणसांच्या अडीअडचणी, एवढेच आमचे काम. पण या विषयात गरिबाचा पैसा जातो, मुक्या जनावराचा जीव जातो आणि कधी कधी घरातल्या लेकराच्या प्रकृतीशी गाठ पडते. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही या प्रश्नाला दिले आहे. पशुवैद्यांना विचारून आणि छापील माहिती वाचून आम्हाला जे नीट समजले, तेवढेच येथे मांडतो.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. सगळ्या कुत्र्यांना आणि सगळ्या घरांना चालेल असे एकच चांगले औषध बाजारात नाही. औषध कशावर हवे, कुत्रा केवढा आणि कसा आहे, घरात आणखी कोण राहते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवायची. मग औषध आपोआप ठरत येते. किंमत शेवटी पाहायची. आपण बहुतेक जण नेमके उलटे करतो. आधी किंमत विचारतो, नाही तर शेजारच्याने काय आणले ते पाहतो, आणि कशासाठी आणले हा प्रश्न राहूनच जातो.

शत्रू तीन आहेत

कुत्र्याला त्रास देणाऱ्या जीवांपैकी तिघांची नावे औषधाच्या पाकिटावर नेहमी दिसतात. पहिली पिसू, दुसरी गोचीड आणि तिसरा हृदयातला जंत, ज्याला डॉक्टर मंडळी हार्टवर्म म्हणतात. तिघांची राहण्याची जागा वेगळी, येण्याची वाट वेगळी, म्हणून औषधही वेगळे.

पिसू केसांत धावते, रक्त पिते आणि अंडी घालते. एक मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. ती घरंगळून गोधडीत, चटईत, फरशीच्या फटीत पडतात आणि तिथेच अळी, कोष, मग नवी पिसू तयार होते. आपल्याला कुत्र्याच्या अंगावर ज्या दिसतात, त्या एकूण पिसवांचा अगदी थोडा भाग असतात. बाकीचा संसार आपल्या घरात मांडलेला असतो. पिसवांमुळे कुत्रा खाजवून खाजवून कातडी सोलून घेतो. पिसू चावून गिळली की पोटात एक चपटा जंत होतो. कुत्र्याच्या शेपटीखाली काकडीच्या बीसारखे किंवा तांदळासारखे दाणे दिसले, तर तो हाच जंत समजावा. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली, तर त्यालाही तो होऊ शकतो.

गोचीड चिकटून बसते. आपल्याकडच्या कुत्र्यांवर दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरले की अंगावरून खाली उतरते. मग ती भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसते, कात टाकते आणि पुन्हा कुत्रा शोधते. फुगलेली मादी अशाच एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. उपाशी राहूनही ती महिनोन् महिने जगते. म्हणून "कालच सगळ्या काढल्या होत्या, आज पुन्हा आल्या" ही तक्रार खरी असते. त्या बाहेरून आलेल्या नसतात, घराच्या भिंतीतूनच आलेल्या असतात.

हृदयातला जंत मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला अंग लागून पसरतही नाही. तो डासातून येतो. आपल्या विदर्भातल्या वाचकांना हत्तीरोग ठाऊक आहे. रात्री येऊन बोटाचे रक्त घेणारे आरोग्य कर्मचारी आणि समोर उभे राहून खायला लावलेल्या गोळ्या त्यांनी पाहिल्या आहेत. हत्तीरोगाचा जंत आणि कुत्र्याच्या हृदयातला जंत हे एकाच कुळातले. डासाने सोडलेली अळी कुत्र्याच्या कातडीखाली वाढत वाढत काही महिन्यांत हृदयाशी आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पोहोचते. मादी जंत जवळजवळ एक फूट लांब होतो आणि पाच ते सात वर्षे जगतो. असे जंत वाढले की कुत्रा खोकतो, थोडे पळाले की दमतो, आणि पुढे हृदय थकून मरतो.

आपल्या मुलखात पहिला धोका कोणता?

येथे आमच्या वस्तीतली एक हकीगत सांगितली पाहिजे. आमचे एक बांधव रिक्षा चालवतात. त्यांचा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. त्याने फोनवर बजावून सांगितले, "काका, कुत्र्याला दर महिन्याला हार्टवर्मची गोळी चुकवू नका." काकांनी शब्द पाळला. पोटाला चिमटा घेऊन वर्षभर त्या गोळ्या आणल्या, एक महिना चुकवला नाही. आणि त्यांचा कुत्रा गोचिडीच्या तापाने गेला. चार दिवस खाल्ले नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आले. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. घरातल्या दोन्ही मुलांनी आठवडाभर धड जेवण घेतले नाही. काका आम्हाला म्हणाले, "साहेब, औषधाला मी पैसा कमी पडू दिला नव्हता."

त्यांचे म्हणणे खरे होते. पुतण्याचेही खोटे नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, टेक्सासपासून मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापर्यंत, हृदयातला जंत हा कुत्र्यांचा मोठा शत्रू आहे. तिथल्या पशुवैद्यांची संघटना बारा महिने गोळी आणि दरवर्षी रक्ततपासणी सांगते. तिथे ते योग्यच आहे. पण भारतात या जंताच्या नोंदी मुख्यतः आसाम, मिझोरामसारख्या ईशान्येकडच्या राज्यांतून येतात. केरळात आणि आपल्या मुंबई-कोकणाच्या पट्ट्यात त्याचा चुलतभाऊ जास्त आढळतो. तो हृदयात जात नाही, कातडीखाली राहतो. आपल्याकडे कुत्र्याला रोजचा धोका आहे तो गोचिडीचा. गोचिडीतून कुत्र्याच्या रक्तात शिरणारे जंतू तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या कणांवर घाला घालतात. डॉक्टर त्यांना एर्लिकिया, बॅबेसिया अशी नावे देतात. आपण सगळ्यांना मिळून गोचीड-ताप म्हणतो.

काकांची गोळी खोटी नव्हती, पण तिच्यात गोचीड मारणारे औषधच नव्हते. हृदयजंताच्या साध्या गोळीने गोचीड मरत नाही आणि गोचिडीच्या साध्या गोळीने हृदयजंत थांबत नाही. दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्याही निघाल्या आहेत, पण त्या पाकिटावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. तेव्हा पाकीट हातात घेतले की पहिले वाचायचे ते हे, की औषध कोणाकोणावर चालते. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. दुकानदाराला लाजू नका, डॉक्टरसाहेबांना तर मुळीच लाजू नका.

याचा अर्थ महाराष्ट्रात हृदयजंताकडे पाहायचेच नाही, असा कोणी काढू नये. कुत्रा ईशान्येकडून आणलेला असेल, तिकडे राहून आलेला असेल, किंवा तुमच्या भागातल्या पशुवैद्याने तसे रोगी पाहिले असतील, तर ती गोळी जरूर द्यावी. मात्र मोठ्या कुत्र्याला गोळी सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. ही गोळी डासाला अडवत नाही, मागच्या महिनाभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. म्हणून ती महिन्याच्या महिन्याला द्यावी लागते. रक्तात आधीच जंतांची पिल्ले फिरत असतील, तर ती एकदम मेल्याने कुत्र्याला झटका बसू शकतो. आणि एकदा मोठे जंत झाले की उपचार लांबलचक, खर्चाचा आणि जोखमीचा असतो.

औषधांचे प्रकार

गोचीड आणि पिसवांवरची औषधे आज साधारण चार रूपांत मिळतात.

पहिले, मानेवर थेंब सोडायची नळी. तिच्यात बहुधा फिप्रोनिल नावाचे औषध असते. केस बाजूला करून ते थेट कातडीवर सोडायचे, केसांवर नव्हे. जागा दोन खांद्यांच्या मधली, म्हणजे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही. साधारण महिनाभर काम होते.

दुसरे, फवारा. हेच औषध फवाऱ्याच्या बाटलीतही येते. अंगभर मुळापर्यंत भिजवावे लागते, मेहनत जास्त. पण नळी चालत नाही अशा अगदी लहान पिल्लांसाठी डॉक्टर तो सुचवतात. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या जवळपासही नेऊ नये, सशाला ते विषारी आहे.

तिसरे, चघळायची गोळी. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर अशी नावे पाकिटावर दिसतील. ही औषधे २०१३ नंतर बाजारात आली. औषध रक्तात राहते. गोचीड चावली की तिच्या पोटात जाते आणि ती एक-दोन दिवसांत मरते. काही गोळ्या महिनाभर चालतात, फ्लुरालेनरची बारा आठवडे. पावसात भिजले, नदीत डुंबले तरी फरक पडत नाही. अंगाला काही लावलेले नसल्याने लेकरे कुत्र्याला कुरवाळतात त्याचीही भीती नाही. मात्र २०१८ साली अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला की, या जातीच्या गोळ्यांनी काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे आणि फिट येणे असे प्रकार दिसले आहेत. बहुतेक कुत्र्यांना ती सोसते आणि ती आजही वापरात आहे. पण तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी देऊ नका.

चौथा, गळ्यातला पट्टा. हा साध्या पट्ट्यासारखा दिसतो, पण त्यातून औषध हळूहळू कातडीवर पसरते. चांगल्या प्रतीचा पट्टा सात-आठ महिने चालतो आणि गोचिडीला चिकटण्यापूर्वीच पळवतो. हा त्याचा मोठा गुण, कारण काही जंतू गोचीड चिकटल्यावर थोड्या तासांतच रक्तात उतरतात. पट्टा सैल बांधला तर उपयोग नाही. दोन बोटे आत जातील इतपत ठेवावा. लहान मूल तो तोंडात घालणार नाही, हेही पाहावे.

या चारांपैकी काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, पण मांजराला ते विष आहे. मांजराच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. कुत्र्यासाठी आणलेली नळी "थोडी उरली म्हणून" मांजराला लावली आणि मांजर तडफडून मेले, असे घडते. घरात मांजर असेल तर दुकानातच विचारा. कुत्र्याला लावलेले औषध चाटायला मांजर येते, हेही विसरू नका.

आधी वजन करा

औषध वयावर आणि वजनावर ठरते. "मोठा आहे", "मध्यम आहे" असे सांगून चालत नाही. घरात काटा नसेल तर भंगारवाल्याकडे किंवा धान्याच्या दुकानात असतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करा. जे उरेल ते कुत्र्याचे वजन. पिल्लू वाढते, म्हणून त्याचे वजन दर वेळी नव्याने करायचे.

मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटायची, किंवा गोळी सुरीने तोडून अर्धी-अर्धी द्यायची, ही काटकसर बऱ्याच घरांत चालते. पाकिटावर तशी परवानगी नसेल तर असे करू नये. एकाला कमी पडते, गोचीड जिवंत राहते. दुसऱ्याला जास्त होते, तो थरथरतो. पिल्लासाठी किमान वय आणि किमान वजन पाकिटावर दिलेले असते. त्याखालच्या पिल्लाला ते द्यायचे नाही. गाभण किंवा पाजणारी कुत्री असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

घरचा हिशेब

आता आमच्या धंद्याची गोष्ट. औषधाची किंमत पाकिटावरच्या आकड्याने मोजू नका, दिवसाच्या खर्चाने मोजा. पुढचे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत. बाजारभाव तुम्ही स्वतः विचारून घ्या. समजा, नळी ४०० रुपयांची आणि ३० दिवस चालणारी. दिवसाला १३ रुपये ३३ पैसे. गोळी १५०० रुपयांची आणि ८४ दिवस चालणारी. दिवसाला सुमारे १८ रुपये. पट्टा ३००० रुपयांचा आणि २४० दिवस चालणारा. दिवसाला साडेबारा रुपये. ज्याची किंमत ऐकून आपण दुकानातून परत फिरलो, तोच पट्टा हिशेबात सर्वांत स्वस्त निघाला.

पण हिशेब इथे संपत नाही. कुत्रा रोज नाल्यात लोळून येत असेल, किंवा घरातली मुले दर दोन दिवसांनी त्याला साबण लावत असतील, तर नळीचे ३० दिवस होणार नाहीत. तीन दिवसांत औषध धुऊन गेले तर त्याच नळीचा खर्च दिवसाला १३३ रुपये पडला. गळ्यात पट्टा टिकू न देणाऱ्या कुत्र्याला पट्टा घेणे म्हणजे ३००० रुपये गटारात. एकरकमी पैसे काढणे जमत नसेल तर महिन्याची नळीच बरी, पण ती नेमाने, दर महिन्याच्या त्याच तारखेला. तेव्हा दिवसाचा खर्च काढा आणि शेजारी आपल्या कुत्र्याची सवय लिहा. दोन्ही जुळले की तेच तुमचे औषध.

पैसा अगदीच मोजका असेल तर क्रम असा ठेवा. सर्वांत आधी रेबीजची लस, कारण तिथे प्रश्न माणसाच्या मरणाचा आहे. त्यानंतर गोचिडीचे औषध. मग पोटातल्या जंताचे औषध. हृदयजंताची गोळी डॉक्टरांनी गरज सांगितली तर. औषध घेताना पावती मागा आणि पाकिटावरची मुदत पाहा. पावती देत नाही त्या दुकानातून स्वस्तात मिळालेले औषध बनावट निघाले, तर दाद कोठे मागणार?

घरालाही औषध लागते

कुत्र्याला औषध दिले आणि घर तसेच ठेवले, तर अर्धेच काम झाले. कुत्रा झोपतो ते गोणपाट, गोधडी आठवड्याला उकळत्या पाण्यात भिजवा आणि कडक उन्हात वाळवा. भिंतीच्या भेगा, चौकटीमागच्या फटी सिमेंटने लिंपून घ्या. खाट, फळ्या, कुत्र्याची पेटी हलवून मागे पाहा. कोपरे रोज झाडा आणि झाडलेली धूळ दारात न टाकता बाहेर लांब टाका. घरात फवारायचे औषध हवेच असेल तर ते घरात फवारण्यासाठीच बनवलेले असावे. फवारताना मुले, कुत्रा, पाण्याची भांडी बाहेर, आणि जागा वाळल्यावरच आत. हे एकदा करून भागत नाही. भिंतीत बसलेली अंडी फुटत राहतात. म्हणून निदान तीन महिने कुत्र्याचे औषध आणि घराची सफाई दोन्ही जोडीने चालू ठेवावी.

चिकटलेली गोचीड काढायची तर चिमटा कातडीजवळ नेऊन तोंडाशी धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, नखाने चिरडू नका. काढून साबणाच्या पाण्यात टाका आणि हात धुवा. काडी पेटवून लावणे, रॉकेल ओतणे हे प्रकार बंद करा. रॉकेलने गोचिडीआधी कुत्र्याची कातडी भाजते.

आणखी काही घरगुती उपायांविषयी स्पष्ट लिहितो. तंबाखूचे पाणी अंगाला लावतात. कुत्रा ते चाटतो आणि तंबाखूचे विष पोटात जाते. डांबरगोळ्या फडक्यात बांधून गळ्यात अडकवतात, त्याही विषारी. लसूण खाऊ घालतात. लसणाने आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुनिंबाचा पाला अंथरुणात घालायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. जुन्या लोकांना आठवत असलेली बीएचसीची पांढरी भुकटी तर आपल्या देशात १९९७ सालीच बंद झाली. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो कुत्र्यावर किंवा घरात वापरू नका.

गुराढोरांच्या औषधाचे काय? म्हशीला लावायचे औषध फार तीव्र असते आणि त्यात किती पाणी घालायचे ते म्हशीच्या हिशेबाने लिहिलेले असते. त्यातले अमित्राझ डॉक्टर कुत्र्याच्या खरजेवर वापरतात, पण मापून आणि नजरेखाली. जास्त झाले तर कुत्रा सुस्तावून पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात. आयव्हरमेक्टिनच्या सुईचेही तसेच. या औषधाच्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याने कोट्यवधी माणसांचे डोळे आणि पाय वाचवले. तरीही कोली जातीच्या काही कुत्र्यांना त्याचा मोठा डोस मेंदूत चढतो. ही सुई वस्तीत फिरणाऱ्या कोणा "डॉक्टर"कडून टोचून घेऊ नका.

आजारपण ओळखा

औषध चालू असले तरी डोळे उघडे ठेवायचे. कुत्रा दोन वेळचे खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या फिकट किंवा पिवळट होतात, पोटावर लाल ठिपके उठतात, नाकातून रक्त येते, लघवी गडद तांबडी होते, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचीड-ताप वेळेत ओळखला तर बरा होतो. पण कोणत्या जंतूचा ताप आहे, त्यावर औषध बदलते. एका जंतूला महिनाभराच्या कॅप्सूल पुरतात, दुसऱ्याला त्या पुरत नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच. १८८३ पासून ते जनावरांची सेवा करते आहे आणि जवळच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी येथेही अशी महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो गायी-म्हशींपुरता आहे असे समजून परत फिरू नका.

आणि माणसांविषयी एक शब्द. हीच तपकिरी गोचीड माणसालाही चावते आणि तिच्यातून एक प्रकारचा पुरळाचा ताप येतो. डॉक्टर त्याला टिक टायफस म्हणतात. महाराष्ट्रातही त्याचे रोगी आढळले आहेत. घरात गोचिडी असतील आणि मुलाला जोराचा ताप येऊन अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठला, तर डॉक्टरांकडे गेल्यावर "आमच्या कुत्र्यावर गोचिडी आहेत" हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही. तुमच्या त्या एका वाक्याने योग्य औषध चार दिवस आधी सुरू होईल.

वस्तीच्या कुत्र्यांचे काय?

जो कुत्रा कोणाच्या एकाच्या घरचा नसतो, त्याला चार घरची भाकर मिळते आणि औषध एकाही घरचे मिळत नाही. कधी उलटेही होते. दोन घरांतल्या दोन दयाळू माणसांनी एकाच आठवड्यात दोन गोळ्या चारलेल्या असतात. यावर उपाय सोपा आहे आणि तो आमच्यासारख्या कारकुनाला सुचण्याजोगाच आहे: एक वही. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचे एक पान. नाव, रंग, अंदाजे वजन, रेबीजची लस कधी टोचली, कोणते औषध कोणत्या तारखेला दिले, पुढची तारीख कोणती. वही एका ताईकडे किंवा दादाकडे ठेवा. औषध देणाऱ्याने आधी वही पाहायची, मग खिशात हात घालायचा. हाताळू न देणाऱ्या कुत्र्याला मानेवर थेंब टाकणे जमत नाही. त्याला बारा आठवड्यांची गोळी भाकरीत घालून देता येते. दहा घरांनी वर्गणी काढली तर एका घरावर फार भार पडत नाही. पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी पशुवैद्यांना विनंती करून वस्तीत बोलवा. लस, वजन आणि औषध एकाच दिवशी होऊन जाईल.

रिक्षावाल्या बांधवांच्या घरी आता नवे पिल्लू आले आहे. त्याचे वजन त्यांनी दुकानाच्या काट्यावर केले, डॉक्टरांना विचारले, आणि या वेळी पाकिटावर गोचिडीचे नाव आहे की नाही हे त्यांच्या मुलीने आधी वाचून पाहिले. तुमच्या घरी, गल्लीत कुत्रा असेल तर या रविवारी तुम्हीही एवढे कराच. वजन करा, घरातले औषधाचे पाकीट काढून वाचा आणि वहीत तारीख लिहा. काय अनुभव आला ते आम्हाला जरूर कळवा.